कंपनीचा हिशेब, शिकणाऱ्याच्या माथी

मोबाइल ॲप बनवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, यावर हल्ली हमरीतुमरीनं वाद होतात. त्यात सगळ्यांची बाजू मांडली जाते, राहतो तो फक्त शिकणारा. एक गट म्हणतो, अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट अशा दोन भाषा, दोन साधनं, दोन प्रकारची डोकेदुखी हवीच कशाला? फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही क्रॉस-प्लॅटफॉर्म, म्हणजे एकच कोड दोन्ही प्रकारच्या फोनवर चालवणारी साधनं घ्या, एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. दुसरा गट म्हणतो, नेटिव्ह ॲप, म्हणजे त्या त्या फोनच्या स्वतःच्या भाषेत आणि साधनांत लिहिलेलं ॲप, वेगात चालतं, सफाईदार वाटतं, म्हणून नेटिव्हच शिका. मग वेगाच्या चाचण्यांचे आकडे निघतात, नोकऱ्यांच्या जाहिराती मोजल्या जातात, कोणत्या बड्या कंपनीनं काय सोडलं आणि काय धरलं याच्या याद्या वाचल्या जातात. ज्यानं अजून स्क्रीनवर एक बटणसुद्धा ठेवलेलं नाही, त्यानं या सगळ्याचं करायचं काय?

माझं म्हणणं असं, की नवशिक्यानं आधी एकाच प्लॅटफॉर्मचं नेटिव्ह प्रोग्रॅमिंग शिकावं. अँड्रॉइड किंवा आयओएस, कुठलंही एक. क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनांकडे नंतर वळावं. याचं कारण मात्र वेग नाही. तो मुद्दा नेटिव्हवाल्यांनी केव्हाच सोडून द्यायला हवा होता. सेकंदाला 60 वेळा स्क्रीन रंगवायची तर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात आणि 120 वेळा रंगवायची तर 8. नेहमीच्या ॲपात हे गणित आजची चांगली क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनं बऱ्यापैकी सांभाळतात. शिवाय नवशिक्याचं पहिलं ॲप अडखळतं ते बहुतेक वेळा फ्रेमवर्कमुळे, म्हणजे अशा तयार साधनामुळे, नव्हेच. त्यानं एखादं अवजड काम मुख्य थ्रेडवर (स्क्रीन रंगवणारी आणि स्पर्शाला दाद देणारी कामाची रांग) टाकलेलं असतं. ही चूक कोटलिनमध्ये जितक्या सहज करता येते तितक्याच सहज डार्ट या फ्लटरच्या भाषेतही.

मग नेटिव्ह कशासाठी? त्यासाठी मोबाइल प्रोग्रॅमिंगमध्ये शिकण्यासारखं नेमकं काय आहे, हे आधी पाहायला हवं. बटणं, याद्या, फॉर्म, सर्व्हरकडून माहिती आणणं हे वेबवरही आहे आणि डेस्कटॉपवरही. फोनचं वेगळेपण असं, की तिथे तुमचा प्रोग्रॅम भाडेकरू असतो आणि घरमालक कधीही बाहेर काढू शकतो. वापरणारा फॉर्म भरत असताना फोन आडवा करतो. अँड्रॉइड सहसा ती ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची समोरची स्क्रीन, मोडून नव्यानं उभी करतो आणि तुम्ही काळजी घेतली नसेल तर भरलेली माहिती हरवते. त्याला मध्येच दुसरं काही आठवतं, तो कॅमेरा उघडतो. इकडे मेमरी कमी पडली म्हणून तुमच्या ॲपची प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमच, संपवली जाते. तो परत येतो तेव्हा मात्र, जिथे सोडलं तिथेच आपण असू, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. 2015 मध्ये अँड्रॉइड 6.0 आलं आणि नुसत्या पडून असलेल्या फोनवर ॲपांची पार्श्वभूमीतली कामं रोखून धरणारी डोझ व्यवस्था आली. त्याच आवृत्तीपासून कॅमेरा, लोकेशन यांच्या परवानग्या ॲप चालू असताना मागाव्या लागू लागल्या. त्या मिळतील याचा भरवसा नाही, आणि मिळालेली परवानगी वापरणारा सेटिंग्जमध्ये जाऊन कधीही काढून घेऊ शकतो. मुख्य थ्रेड अडकला आणि स्पर्शाला 5 सेकंद दाद मिळाली नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची पाटी झळकते. आयओएसचे नियम वेगळे आहेत आणि एका बाबतीत अधिकच कडक: ॲप मागे गेलं की थोड्याच वेळात ते गोठवलं जातं, आणि मागे राहून करायची कामं कधी करू द्यायची हे सिस्टिम ठरवते. विषय हा आहे. भाषेचं व्याकरण हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनं यातलं बरंच काही झाकून ठेवतात. यात फसवणूक नाही. त्यांचं कामच ते आहे. फ्लटरमध्ये नवा प्रकल्प सुरू केला की त्याच्या अँड्रॉइडच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये (सिस्टिमला ॲपची माहिती देणारी फाइल) आधीच लिहिलेलं असतं, की स्क्रीन फिरली तरी ॲक्टिव्हिटी मोडू नये. रिॲक्ट नेटिव्हच्या तयार साच्यातही तसंच. त्यामुळे फोन फिरवल्यावर माहिती हरवण्याचा धडा शिकणाऱ्याला मिळतच नाही. छानच की, असं वाटेल. पण मेमरीअभावी प्रोसेस संपवली जाते तेव्हा ही एक ओळ काही वाचवू शकत नाही, आणि आपण काही जपून ठेवायला हवं होतं हेच त्याला ठाऊक नसतं. जाणकारासाठी ही सोय आहे, कारण काय टळलं ते त्याला माहीत आहे. नवशिक्याच्या बाबतीत ती ओळ एक प्रश्नच गायब करते.

बाकीचे प्रश्न तर गायबही होत नाहीत, फक्त अनोळखी वेषात समोर येतात. एखाद्यानं कॅमेऱ्याचं प्लगइन, म्हणजे तयार जोडभाग, जोडलं. अँड्रॉइडवर सगळं चालतं, आयफोनवर कॅमेरा उघडताक्षणी ॲप बंद पडतं, कारण इन्फो-पीलिस्ट या फाइलमध्ये कॅमेरा कशासाठी हवा ते लिहिलेलं नाही आणि त्याशिवाय आयओएस ॲपला थाराच देत नाही. दुसऱ्याचा बिल्डच, म्हणजे कोडातून ॲप बांधणंच, ग्रेडल या अँड्रॉइडच्या बांधणी-साधनाच्या लांबलचक त्रुटीवर अडतो. याला येतं डार्ट, आणि त्रुटी आली ती डार्टची नव्हेच. मग कुठून तरी चार ओळी आणून डकवायच्या आणि चालेपर्यंत बदलत राहायचं. दोनऐवजी एकच गोष्ट शिकायची म्हणून ज्यानं हा रस्ता धरला, त्याच्यासमोर आता डार्ट आहे, फ्लटर आहे, अँड्रॉइड आहे आणि आयओएसही आहे. पैकी शेवटची दोन न शिकताच वापरायची आहेत. एअरबीएनबीनं 2018 मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडताना जे मांडलं त्यात हाच सूर होता: दोन प्लॅटफॉर्मचा एक होण्याऐवजी सांभाळायला तीन झाले. त्यांच्याकडे निदान तिन्ही जाणणारी माणसं होती.

इथेच या वादातला मूळ घोटाळा दिसतो. एकाच कोडात दोन ॲप हा युक्तिवाद कंपनीचा आहे, आणि कंपनीच्या बाबतीत तो पुष्कळदा बरोबरही आहे. तिला एकच सोय दोन संघांकडून दोनदा लिहून घ्यावी लागते, दोनदा तपासावी लागते, आणि तरी दोन्हीकडचं वागणं थोडं वेगळं निघतं. हा खर्च खरा आहे. शॉपिफायनं 2020 मध्ये आपली पुढची मोबाइल ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये करायचं ठरवलं ते वेडेपणानं नव्हे. पण शिकणाऱ्याकडे दोन संघ कुठे आहेत? त्याचं पहिलं ॲप एकाच दिवशी दोन्ही स्टोअरवर आलं नाही तर कुणाचं अडणार आहे? जो खर्च त्याला होतच नाही तो वाचवण्यासाठी त्यानं एक आख्खा थर डोक्यावर का घ्यावा?

आणि तो खर्च वाचतो, हेही बहुतेकांच्या बाबतीत कागदावरच. आयफोनचं ॲप बांधायला ॲपलचं एक्सकोड हे साधन लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. कोड फ्लटरचा असो की स्विफ्टचा, यातून सुटका नाही. ॲप स्टोअरवर यायचं तर ॲपलला वर्षाला 99 डॉलर द्यावे लागतात, गुगल प्लेला एकदाच 25. ज्याच्याकडे मॅक नाही तो दोन्हीकडे चालेल म्हणून फ्लटर निवडतो आणि महिनोन् महिने ते फक्त अँड्रॉइडवर चालवून पाहतो. म्हणजे व्यवहारात तो अँड्रॉइडच शिकतो आहे, फक्त लांबून.

यावर विरोधकांचं सगळ्यात भक्कम उत्तर इतिहासातून येतं आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, खालचा थर आधी शिका असं प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला सांगत आली आहे आणि प्रत्येक वेळी चुकली आहे. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं 1957 मध्ये फोरट्रान ही भाषा आणि तिचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा कंपायलर आणला, तेव्हा असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या सूचना हातानं लिहिण्याच्या भाषेत, मुरलेल्यांना खात्री होती की यंत्रानं लिहिलेला कोड माणसाच्या कोडाची बरोबरी करू शकणार नाही. त्यानं ती केली. आज कुणी नवशिक्याला आधी असेंब्ली शिक म्हणत नाही. तर मग कोटलिन आणि स्विफ्टचा आग्रह हा त्याच जुन्या हटवादाचा नवा अवतार नव्हे का?

तुलना आकर्षक आहे, पण ती एका जागी तुटते. फोरट्रानमध्ये काम करणाऱ्याला सहसा खालच्या थरात उतरावंच लागत नव्हतं, म्हणून तो थर विसरणं परवडलं. शिवाय त्या थराचे नियम दर वर्षी कुणी बदलत नव्हतं. मोबाइलमध्ये खालचा थर म्हणजे नुसतं यंत्र नाही. दोन कंपन्यांची धोरणं आहेत, दर वर्षी नवी आवृत्ती आहे, परवानग्यांचे आणि पार्श्वभूमीतल्या कामांचे नवे निर्बंध आहेत, आणि ते सगळं वरच्या थराला पोचेपर्यंत मध्ये वेळ जातो. चांगला थर कोणता? ज्याच्या खाली काय आहे हे विसरून रोजचं काम होतं, तो. कंपायलर या कसोटीला उतरला. मोबाइल फ्रेमवर्क अजून उतरलेली नाहीत, आणि जोवर उतरत नाहीत तोवर खालचं शिकणं हा हटवाद ठरत नाही.

खरं साम्य शोधायचं तर फोरट्रानकडे न जाता जावा या भाषेकडे जावं. एकदा लिहा, कुठेही चालवा ही सन मायक्रोसिस्टिम्सची घोषणा 1995 ची आहे. पडद्यावरच्या घटकांसाठी तेव्हा जावानं आधी एडब्ल्यूटी हे साधन आणलं. ते ज्या त्या सिस्टिमची स्वतःची बटणं आणि खिडक्या वापरायचं, त्यामुळे सगळ्या सिस्टिमना जे समान तेवढंच हाती लागायचं. मग 1998 च्या जावा 1.2 मध्ये स्विंग मुख्य प्रवाहात आलं. ते सगळं स्वतःच रंगवायचं, त्यामुळे सगळीकडे सारखं दिसायचं आणि सगळीकडे थोडं परकं. पुढे आयबीएमनं एसडब्ल्यूटी काढून पुन्हा सिस्टिमच्याच घटकांचा रस्ता धरला. आता आजच्याकडे पाहा: रिॲक्ट नेटिव्ह फोनचे स्वतःचे घटक वापरतं, फ्लटर प्रत्येक पिक्सेल आपण रंगवतं. तेच दोन मार्ग, त्याच दोन तडजोडी. जावा काही अपयशी ठरली नाही. सर्व्हरवर तिनं राज्य केलं, कारण तिथे वापरणाऱ्याच्या समोर पडदाच नसतो. जिथे पडदा, परवानग्या आणि बॅटरी आहे तिथे मात्र घोषणेनंतरचा तपशील पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला.

फोनच्या जगातही हा लंबक हललेला आहेच. जून 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्झ आयफोनसाठी वेब ॲप बनवा म्हणून सांगत होते. मार्च 2008 मध्ये नेटिव्ह साधनसंच आला आणि जुलैत सुमारे 500 ॲपांसह ॲप स्टोअर उघडलं. मार्क झुकरबर्ग यांनी 2012 मध्ये एचटीएमएल5 वर (वेब पानांच्या तंत्रावर) फार भिस्त ठेवणं ही मोठी चूक होती असं जाहीरपणे म्हटलं, आणि त्याच फेसबुकनं 2015 मध्ये रिॲक्ट नेटिव्ह जगापुढे ठेवलं. फ्लटर गुगलचं, आणि अँड्रॉइडसाठी जेटपॅक कंपोज या स्क्रीन मांडायच्या नेटिव्ह साधनाचा पुरस्कार करणारंही गुगलच! कुठली बाजू जिंकली हे यातून सिद्ध होत नाही, आणि मला ते करायचंही नाही. ज्या निर्णयावर खुद्द त्या कंपन्या स्थिर नाहीत, त्यावर नवशिक्यानं आपल्या शिक्षणाची पहिली पायरी बेतू नये, इतकंच.

आता नेटिव्हच्या बाजूचं एक आवडतं वाक्य मला मान्य नाही तेही सांगतो. फ्रेमवर्क येतात आणि जातात, नेटिव्ह टिकतं, असं म्हटलं जातं. टिकतं कुठे? 2014 मध्ये स्विफ्ट आलं आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या आयफोनच्या आधीच्या भाषेत वर्षं घालवलेल्यांना नव्यानं बसावं लागलं. 2019 मध्ये ॲपलच्या स्विफ्टयूआयनं स्क्रीन मांडायची रीतच बदलली. अँड्रॉइडवर 2017 मध्ये कोटलिनला अधिकृत मान्यता मिळाली, 2019 पासून तिलाच पहिला मान आहे, 2021 मध्ये कंपोजची पहिली पक्की आवृत्ती आली आणि एक्सएमएलमध्ये स्क्रीन मांडण्याचं कौशल्य जुनं झालं. वर्षानुवर्षं शिकवला गेलेला असिंकटास्क (अवजड काम मुख्य थ्रेडबाहेर नेण्याचा मार्ग) अँड्रॉइड 11 मध्ये कालबाह्य ठरवला गेला. फरक इतकाच, की असिंकटास्क गेला तरी मुख्य थ्रेड अडवू नये हा नियम जागेवरच राहिला. ज्याला तो नियम कळला होता त्याला कोरूटीन ही त्याच कामाची कोटलिनमधली रीत शिकणं जड गेलं नाही. फोनगॅप या क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनाची साथ अडोबीनं 2020 मध्ये सोडली, झॅमरिन या दुसऱ्या तशाच साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टनं मे 2024 मध्ये काढून घेतला. ज्यांचं सगळं ज्ञान त्या थरापुरतंच होतं त्यांच्या हाती काय उरलं, आणि खालचं जाणणाऱ्यांच्या हाती काय, यात मला मोठं अंतर दिसतं. कंपोज, स्विफ्टयूआय, रिॲक्ट नेटिव्ह आणि फ्लटर आता स्क्रीनबद्दल बऱ्याच अंशी एकाच पद्धतीनं विचार करतात: स्थिती बदला, चित्र आपोआप बदलेल. ती पद्धत एकीकडून दुसरीकडे सहज नेता येते. ॲपचं जीवनचक्र आणि परवानग्या मात्र फ्रेमवर्कमधून शिकून खाली आणता येत नाहीत, कारण फ्रेमवर्कनं त्या मुळात दाखवलेल्याच नसतात.

ज्या टीकेला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही ती वेगळीच आहे. नेटिव्ह शिकायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात कंटाळतो. अँड्रॉइड स्टुडिओ अवजड, इम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) त्याहून अवजड, पहिला बिल्ड होईपर्यंत चहा थंड. त्याउलट फ्लटरमध्ये ओळ बदलली की क्षणात स्क्रीन बदलते. हा आनंद क्षुल्लक नाही. शिकणं टिकतं ते अशाच आनंदावर. पण या कंटाळ्याला साधनांपेक्षा शिकवणारे अधिक जबाबदार आहेत असं मला वाटतं. ज्यानं अजून एक टिपण फोनमध्ये साठवून परत वाचलेलं नाही, त्याला एमव्हीव्हीएम, क्लीन आर्किटेक्चर आणि डिपेंडन्सी इंजेक्शन या मोठा कोड मांडायच्या पद्धती शिकवण्यात काय शहाणपण? पन्नास जणांच्या संघाला लागणारी शिस्त एकट्या माणसाच्या तीन स्क्रीनच्या ॲपावर लादायची, आणि तो पळाला की नेटिव्ह अवघड आहे म्हणायचं! म्हणजे कंपनीचा हिशेब माथी मारण्यात नेटिव्हवालेही मागे नाहीत. इम्युलेटर झेपत नसेल तर यूएसबीनं स्वतःचा फोन जोडता येतो, आणि कंपोज व स्विफ्टयूआय दोन्हींत लिहिता लिहिता पाहण्याची सोय आता आहे. फ्लटरइतकी झटपट नाही, हे मान्य.

ज्याला वेबवरचं रिॲक्ट उत्तम येतं आणि महिनाभरात ॲप हातात द्यायचं आहे, त्यानं माझं ऐकू नये. ज्याला एखादी कल्पना बाजारात चालते का एवढंच पाहायचं आहे, त्यानंही ऐकू नये. त्यांना ॲप हवं आहे. मी बोलतो आहे ते ज्याला ॲप बनवणं शिकायचं आहे त्याच्याबद्दल.

राहिला तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा: कोड आता यंत्रच लिहून देतं, मग नेटिव्ह की क्रॉस-प्लॅटफॉर्म हा वादच कशाला? गंमत अशी, की हा युक्तिवाद सगळ्यात आधी क्रॉस-प्लॅटफॉर्मचाच पाया हलवतो. तोच कोड दोनदा लिहिणं स्वस्त झालं तर एकदाच लिहिण्याची किंमत घसरणारच. आणि यंत्रानं दिलेला कोड टेबलावर उत्तम चालतो. फॉर्म अर्धा भरलेला असताना फोन आला, वापरणारा वीस मिनिटं बोलत बसला आणि परत आल्यावर फॉर्म कोरा निघाला, हे तपासायचं कुणाला सुचेल? प्रोसेस संपवली जाऊ शकते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

म्हणून सुरुवात करणाऱ्यानं आपल्या हातात जो फोन आहे त्याचाच प्लॅटफॉर्म घ्यावा (आयफोन असूनही मॅक नसेल तर जुना का होईना, एक अँड्रॉइड फोन मिळवावा) आणि टिपणं लिहायचं एक साधं ॲप करावं, त्यात टिपणाला कॅमेऱ्यानं फोटो जोडायची सोय ठेवावी. मग ते छळावं. लिहिता लिहिता फोन आडवा करावा. कॅमेऱ्याची परवानगी नाकारावी, देऊन काढून घ्यावी. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की ॲपबाहेर पाऊल टाकताच प्रत्येक ॲक्टिव्हिटी मोडली जाते आणि आपण काय काय जपायला विसरलो ते लगेच दिसतं. हे सगळं सोसून ॲप उभं राहिलं की तेच ॲप फ्लटरमध्ये पुन्हा लिहावं, आणि तयार आलेली मॅनिफेस्ट फाइल उघडून त्यातल्या स्क्रीन फिरण्याबद्दलच्या ओळीपाशी थांबावं. ती तिथे का आहे, हे तोवर कुणी सांगायची गरज उरलेली नसते.